परीटघडी

सकाळचे साडेसात. गिरगावातल्या एका गल्लीत लाँड्रीचं शटर वर जातं. काका पितळी इस्त्रीत कोळसे भरतात आणि पुठ्ठ्याने वारा घालत राहतात. पाच-सहा किलोंची ही इस्त्री. ओलं बोट तिच्या तळाला टेकवतात. चर्र! तापली.

आता त्यांचे हात बघा. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. बटणपट्टी उलट्या बाजूने, म्हणजे बटणं जळत नाहीत. शेवटी घडी. या घडीला मराठीने स्वतःचा शब्द दिलाय, परीटघडी. कपाटात दहा शर्ट असू देत, ही घडी मोडून अंगात घातलेल्या शर्टाचा थाट वेगळाच!

धुवायचे कपडे इथे थांबत नाहीत. त्यांची गाठोडी महालक्ष्मीच्या धोबीघाटावर जातात. १८९०च्या सुमाराचा हा घाट, ७००हून जास्त दगडांचा. स्टेशनजवळच्या पुलावरून वाळत घातलेल्या रांगा नीट बघा, चिमटा कुठेच दिसणार नाही. दोन दोऱ्या एकमेकींत पिळायच्या आणि त्या पिळातच कपड्याचं टोक अडकवायचं. आता तिथे मोठी मशीनंही आली आहेत. दोरीचा पीळ अजून तोच.

एवढ्या ढिगातून तुमचाच शर्ट तुमच्याच घरी कसा परततो? खुणेमुळे. कॉलरच्या आत दोन-तीन काळ्या रेघा, एखादा ठिपका. पूर्वी ही खूण बिब्ब्याच्या रसाने करत आणि वर चुना लावत. मग कितीही साबण लावा, ती हटत नसे. इंग्रजीत बिब्ब्याला 'मार्किंग नट' म्हणतात, ते या खुणेवरूनच. आता शाई आली, कापडी पट्ट्या आल्या. पण या लाँड्रीत खूण अख्ख्या घराची असते. आजोबांची, नातवाची, नव्या सुनेची, सगळ्यांची एकच. या धंद्यातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते.

समोरची चाळ पाडली. माणसं डोंबिवलीला, विरारला गेली. घरोघरी वॉशिंग मशीन आलं. तरी आज दुपारी एक मावशी लोकलने आल्या आहेत. पिशवीतून सासूबाईंची सुती नऊवारी काढतात.

"काका, खळ जरा बेतानं घाला हं. जुनी झालीय."

काका वही उघडत नाहीत. साडीचा कोपरा उलटून बघतात.

"तिसरा मजला, जिन्याजवळची खोली ना?"

"हो, तीच!"

"मंगळवारी या."