ब्राउनीचा हिशेब: मैदा, साखर आणि सुरी

‘डाएटमध्ये ब्राउनी चालते का?’ हा प्रश्न ज्या रूपात विचारला जातो, त्या रूपात त्याला उत्तर नाही. कोणती ब्राउनी, केवढी आणि त्या दिवशी बाकी काय खाल्ले, हे कळल्याशिवाय हो म्हणणे जितके बेजबाबदार, तितकेच नाही म्हणणेही. म्हणून आज सल्ल्याआधी हिशेब मांडतो, आणि तोही घरच्या ओव्हनमध्ये होणाऱ्या ब्राउनीचा, कारण तिच्यात काय घातले हे आपल्याला नेमके ठाऊक असते.

आठ इंची चौकोनी टिनसाठीचे एक नेहमीचे प्रमाण घेऊ: 120 ग्रॅम लोणी, 150 ग्रॅम डार्क चॉकलेट, 200 ग्रॅम साखर, तीन अंडी, 75 ग्रॅम मैदा, 25 ग्रॅम कोको पावडर आणि 50 ग्रॅम अक्रोड. यात लोण्याच्या सुमारे 860, चॉकलेटच्या 830 आणि साखरेच्या 780 कॅलरी होतात. उरलेल्या सगळ्यांच्या मिळून नऊशेच्या आत. एकूण बेरीज साधारण 3,340 कॅलरी, म्हणजे लोणी, चॉकलेट आणि साखर हे तिघेच जवळपास तीन चतुर्थांश वाटा उचलतात. ज्या मैद्याच्या नावाने आपण सर्वाधिक बोटे मोडतो, त्याचा वाटा आहे जेमतेम आठ टक्के.

आता सुरी घेऊ. याच टिनमधले चार बाय चार असे सोळा तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा 43 ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यात सुमारे 210 कॅलरी, साडेबारा ग्रॅम स्निग्ध पदार्थ, एकवीस-बावीस ग्रॅम कर्बोदके आणि फक्त तीन ग्रॅम प्रथिने असतात. तीन बाय तीन असे नऊ तुकडे केले, तर तोच ‘एक पीस’ 370 कॅलरींचा होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज 1,660 कॅलरी आहे. पहिल्या तुकड्याने तिचा आठवा हिस्सा वापरला जातो, तर दुसऱ्याने पाचव्या हिश्शाहून अधिक. पाककृतीत एका चिमटीचाही फरक नसताना हा बदल होतो, हे लक्षात घ्यावे. आहार लिहून ठेवणारी पुष्कळ मंडळी डायरीत किंवा मोबाइलमधल्या ॲपमध्ये नुसते ‘ब्राउनी: 1’ असे लिहितात, त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही.

ब्राउनीचा उगम सांगताना शिकागोच्या पामर हाउस हॉटेलचे नाव घेतले जाते. 1893च्या जागतिक प्रदर्शनासाठी, म्हणजे ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले त्याच्यासाठी, हॉटेलमालकाच्या पत्नी बर्था पामर यांनी स्त्रियांच्या जेवणाच्या डब्यात मावेल असा, केकपेक्षा लहान गोड पदार्थ करायला सांगितला, अशी त्या हॉटेलची परंपरा आहे. ती खरी मानली, तर लहान आकार ही या पदार्थाची मूळ अटच होती. आजच्या कॅफेमधले तळहाताएवढे चौकोन त्या अटीपासून बरेच दूर गेले आहेत.

साखरेचा हिशेब वेगळा करावा लागतो. घातलेली 200 ग्रॅम आणि चॉकलेटमधली साठ-पासष्ट ग्रॅम मिळून सोळापैकी एका तुकड्यात साधारण सोळा ग्रॅम साखर येते. नऊपैकी एकात एकोणतीस. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये असे सुचवले की, वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस अशा मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी आणि पाच टक्क्यांखाली आली तर अधिक बरे. दोन हजार कॅलरींच्या आहारात याचा अर्थ 50 आणि 25 ग्रॅम. लहान तुकडा या कडक मर्यादेतही बसतो, पण तो बसतो कागदावर. आपल्याकडे दिवसाला तीन कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर ही काही उधळपट्टी मानली जात नाही, आणि तेवढ्यानेच तीस ग्रॅम साखर पोटात गेलेली असते. माझ्या मते ब्राउनीसाठी जागा करायची असेल, तर ती आधी चहातून करावी. रोजची ती तीस ग्रॅम साखर आठवड्यातून एकदा खाल्लेल्या ब्राउनीपेक्षा कितीतरी जास्त भरते, आणि तिच्याबद्दल कोणी प्रश्नही विचारत नाही.

आता ‘हेल्दी’ ब्राउनीकडे वळू. मैद्याऐवजी कणीक घातली, तर प्रत्येक तुकड्यामागे एक-दोन कॅलरी वाचतात आणि अर्ध्या ग्रॅमहून कमी तंतुमय पदार्थ वाढतात. कणीक जरूर घालावी, चवीला खमंग लागते, पण त्या जोरावर दुसरा तुकडा उचलू नये. साखरेऐवजी तेवढाच गूळ घातल्यास तुकड्यामागे पाच-सहा कॅलरी कमी होतात. रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत गूळ फारसा वेगळा वागत नाही. खजुराची गोष्ट थोडी निराळी आहे. अख्खा खजूर वाटून घातला तर तंतुमय पदार्थ खरोखर वाढतात, मात्र जे तयार होते ते ब्राउनीपेक्षा खजुराच्या वडीच्या जवळचे असते. त्याला ब्राउनी म्हणायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. खरा उपयोग होतो तो प्रमाण कमी करण्याचा. साखर 200वरून 150 ग्रॅमवर आणली आणि चॉकलेट सत्तर टक्के कोकोचे घेतले, तर तुकड्यातली साखर सोळावरून बाराच्या आसपास येते. त्याहून खाली गेलात, तर वरचा चकाकणारा पापुद्रा आणि आतला ओलसरपणा दोन्ही जातात, कारण साखर तिथे केवळ गोडीसाठी नसते.

चॉकलेट घेताना ‘डार्क कंपाउंड’ आणि खरे चॉकलेट यांतला फरक पाहावा. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते आणि घटकांच्या यादीत बहुधा साखर पहिली असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक असल्यामुळे पाकीटबंद ब्राउनी घेताना पहिली तीन नावे वाचली तरी पुष्कळ कळते. जानेवारी 2022पासून आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीवर, दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे ती काळजी कमी झाली आहे. संपृक्त मेदाची मात्र नाही: आपल्या लहान तुकड्यातही तो सहा ग्रॅम भरतो, आणि दोन हजार कॅलरींच्या आहारात त्याची दिवसाची मर्यादा आहे 22 ग्रॅम. कोकोतल्या फ्लॅव्हनॉल या नैसर्गिक वनस्पतिजन्य घटकांचे गुण सांगून ब्राउनीला औषधाच्या कपाटात बसवण्याचाही प्रयत्न होतो. अल्कलीची प्रक्रिया केलेल्या, म्हणजे डच प्रोसेस कोकोत त्यांतले बरेचसे आधीच गेलेले असतात, आणि जे उरतात त्यांच्यासाठी एवढे लोणी खाण्याचे कारण नाही.

हॉटेलमधल्या सिझलिंग ब्राउनीबद्दल थोडक्यात सांगतो. मोठा तुकडा, त्यावर व्हॅनिला आइस्क्रीम आणि तापलेल्या तव्यावर ओतलेला चॉकलेट सॉस मिळून सहाशे कॅलरी सहज होतात. ती चौघांत एक मागवावी. घरी केलेली ब्राउनी मात्र थंड झाल्यावर लगेच सोळा तुकड्यांत कापून, एकेक तुकडा वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावी. टिन टेबलावर उघडे राहिले की कडा ‘सरळ करण्याच्या’ निमित्ताने किती पोटात जाते, हे सांगायला नको.

खाण्याची वेळ म्हणाल, तर चार वाजता रिकाम्या पोटी गोड चहाबरोबर खाण्यापेक्षा डाळ, भाजी, कोशिंबीर असलेल्या जेवणाच्या शेवटी लहान तुकडा घ्यावा आणि त्या जेवणातली एक पोळी कमी करावी. कर्बोदकांचा मेळ साधारण बसतो. कॅलरींचा पूर्ण बसत नाही, कारण मध्यम पोळी शंभरेक कॅलरींची असते आणि उरलेल्या शंभर लोण्या-चॉकलेटच्या असतात. त्या दिवशी तूप आणि तळण टाळले, तर तोही बराचसा बसतो.

मधुमेह असलेल्यांसाठी हा अदलाबदलीचा नियम इतका सरळ नाही. स्निग्ध पदार्थांमुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, म्हणून ब्राउनीनंतर रक्तातली साखर उशिरा चढू शकते आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासलेला आकडा समाधानकारक दिसला तरी पुढे तो वाढण्याची शक्यता राहते. जे घरी ग्लुकोमीटर वापरतात त्यांनी अशा दिवशी आणखी एकदा, तीन-चार तासांनी, तपासून पाहावे. आणि जे इन्सुलिन घेतात त्यांनी मात्रेत स्वतःहून बदल न करता हे आकडे आपल्या डॉक्टरांना दाखवावेत.