गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं

सातारा जिल्हा एकच. पण महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि इथं माण तालुक्यात जेमतेम 500. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. इकडे येते ती त्यांची सावली.

मे महिना, दुपारचे दोन. अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही. मग घरामागची ही हिरवी पट्टी कशी तगली?

वेलाच्या बुडाशी नीट बघा. गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं दिसेल. पिण्याच्या पाण्याचंच, काठ उडाला म्हणून बाद झालेलं. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. भोवतीची जमीन सुकली की ती मडक्यातलं पाणी ओढते, ओलावली की ओढ थांबते. दुधीची, वाळकाची मुळं तर मडक्याला जाळीसारखी लपेटून बसतात. तीन-चार दिवसांनी भरायचं आणि वर झाकण ठेवायचं, नाहीतर डास. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही ही युक्ती आहे. रंग दिलेलं मडकं मात्र चालत नाही, छिद्रं बुजतात. बोअरच्या क्षारांनीही ती हळूहळू बुजतात. मग मडकं बदलायचं.

वाफे उंच नाहीत, वीतभर खोल आहेत. वर तुरीच्या भुसकटाचा थर.

टोमॅटो इथं मेमध्ये दिसणार नाही. पारा पस्तिशीपुढं गेला की फुलं गळतात, फळ धरत नाही. उगाच हट्ट कशाला? गवार आहे, तांदुळजा आहे, आणि ही लालसर देठांची घोळ. तिची एक गंमत आहे. पाण्याचा ताण पडला की ती दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते, रात्री उघडते, आणि आत घेतलेला कार्बन वायू आम्लाच्या रूपात साठवते. म्हणून पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळच्या घोळीपेक्षा आंबट लागते. डाळ घालून केलेल्या भाजीत फरक लगेच कळतो.

लाड करायचा तो एका कोथिंबिरीचा. धने रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि शेवग्याच्या विरळ सावलीत पेरायचे. या उन्हात ती लवकर फुलावर येते, म्हणून दर आठवड्याला मूठभर नवे धने.

ऊन उतरलं. मडक्यावरची फरशी बाजूला होते, हात आत जातो. पाणी अजून अर्ध्यावर आहे. आजची घागर वाचली.