नरक्या, वाणी आणि बशीतल्या पेशी

आंबोलीच्या जंगलात एक झाड आहे, त्याच्या फुलांचा असा काही वास येतो की नाकाला रुमालच लावावा लागतो, म्हणून लोक त्याला नरक्या म्हणतात, कुठे घाणेरा म्हणतात, आणि गंमत बघा, काही ठिकाणी त्यालाच अमृता पण म्हणतात. आज याच झाडाबद्दल बोलणारे, कारण "अमुक पाल्याच्या अर्काने कॅन्सर पळाला" असले फॉरवर्ड तुम्हाला येतात तसे मलाही येतात, आमची मावशीच पाठवते.

गोष्ट सुरू होते नंदुरबारला. मनसुख वाणी, जन्म 1925, मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्री शिकून अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल या शास्त्रज्ञांच्या लॅबमध्ये लागले. तिथे एका चिनी झाडातून त्यांनी कॅम्पटोथेसिन नावाचं कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य वेगळं काढलं, ते छापून आलं 1966 ला. त्या झाडाला चीनमध्ये आनंदाचं झाड म्हणतात हां! आणि 1972 ला आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांना तेच द्रव्य सापडलं कशात, तर आपल्या नरक्यात. (टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधसुद्धा याच वॉल-वाणी जोडीचं, 1971 चं, पण तो विषय काढला तर रात्र होईल.)

आता लॅबमध्ये काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर हे औषध मस्त चाललं. पण बशीतल्या पेशी तर खायचा चुना टाकला तरी मरतात, खरी परीक्षा पुढेच असते. कॅम्पटोथेसिन पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा सोडियमचा क्षार करून पेशंटना दिला. त्यात झालं काय, की त्या रेणूत एक कडी असते, क्षार करताना ती उघडते आणि कडी उघडली की औषधाचा जोर जातो, म्हणजे गाठीवर फारसा परिणाम नाही, आणि मूत्राशयात गेल्यावर आम्लामुळे तीच कडी परत मिटते, मग लघवीतून रक्त. सत्तरच्या दशकात सगळं बंद करावं लागलं. 1985 ला कळलं की ते पेशीतल्या टोपोआयसोमरेज नावाच्या, डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला डीएनएवरच अडकवून ठेवतं, त्यामुळे पेशी दुप्पट व्हायला गेली की डीएनए तुटतो. त्याच रेणूत फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं आली, अमेरिकेत मंजुरी 1996 ला. मोजा, तीस वर्षं! आणि तरी इरिनोटेकनने जुलाब होतात ते होतातच.

इकडे आपल्याकडे मात्र याच द्रव्यापायी नरक्या बुडापासून तोडून गोण्या भरून चोरून विकतात, सह्याद्रीत कित्येक ठिकाणी मोठी झाडं शोधावी लागतात. ह्याचा मला फार राग येतो, असो.

मघाशी एका काकूंनी विचारलं, सदाफुलीची पानं रोज सकाळी चावली तर? काकू, सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध मिळतं हे खरंय, पण ते मोठ्या माणसालाही एका वेळी फार तर 2 मिलिग्रॅम देतात, तेही थेट शिरेतून, आणि शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं म्हणून नर्स डोळ्यात तेल घालून बघत असतात. पानातून तुमच्या पोटात काय काय आणि किती गेलं ते कोण मोजणार?

"मग झाड उपटून टाकू का?" काकू म्हणाल्या. अहो नको, फुलं वाहा की देवाला.