एक पैसा कुठी गेला?

श्रोतेहो, नमस्कार.

आमची आजी गेली त्याला येत्या पोळ्याला वर्ष होईल. एकोणचाळीस वर्षं तिनं नागपुरात प्राथमिक शाळेत शिकवलं. महाल, इतवारी, गोळीबार चौकाकडे अजूनही साठी-सत्तरीचं कुणी भेटलं की विचारतं, "तू बाईंची नात ना?" तिचं नाव त्यांना आठवत नाही. ती बाई. घरात आमच्याही तोंडून कधी "बाई" निघून जायचं आणि ती तितक्याच सहज "ओ" द्यायची.

तिची एकच गोष्ट आज सांगते, कारण तिचं सगळं शिकवणं मला त्या गोष्टीत दिसतं.

तिला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. आदल्या वर्षी नागपूरचं राजधानीपण गेलं होतं आणि आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो होतो. त्यात १ एप्रिल १९५७ला सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मुलं पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे घोकत होती, त्यांच्या आया आण्या-दोन आण्यांची भाजी घेत होत्या. आणि वर्गात आता हे नवं गणित. आण्याचे खरे होतात सव्वासहा पैसे. पण पाव पैशाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून सरकारी तक्ता आला: एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तिनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस.

आजीनं तक्ता फळ्यावर लिहिला. तिसरीतला एक मुलगा उठून उभा राहिला. विणकराच्या घरचा, अंगानं किरकोळ. म्हणाला, "बाई, चार आणे एकदम मोडले तर पंचवीस येऊन राहिले. एकेक आणा चारदा मोडला तर चोवीसच. मग एक पैसा कुठी गेला?"

तिला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. हे ती आम्हाला प्रत्येक वेळी आवर्जून सांगायची. रात्रभर तिच्या डोक्यात तेच. सकाळी तिनं पुठ्ठ्याचा गोल कापला, त्याचे चार सारखे तुकडे केले आणि शाळेत नेले. मुलगा एकेक आणा मोडायचा, ती त्याला सहा चिंचोके द्यायची आणि दर वेळी पुठ्ठ्याचा एक तुकडा टेबलाच्या कडेला सरकवायची. चौथा आणा मोडून झाल्यावर तिनं ते तुकडे जुळवले. "हा पाहा तुझा पैसा. पाव पाव करून गेला, म्हणून कोणाला दिसला नाही." सगळा वर्ग ओरडला, "चार पाव एक!"

तो मुलगा चौथीत शाळेतून गेला. घरी माग होता, सुताच्या कांड्या भरायला हात कमी पडत होते. आजी संध्याकाळी त्यांच्याकडे जायची. मागाची खटखट थांबायची, वडील आदरानं चटई टाकायचे, चहा व्हायचा. "पाठवतो बाई, सोमवारपासून पाठवतो," ते म्हणायचे. पोरगं दोन दिवस यायचं आणि पुन्हा नाही. असे कित्येक सोमवार गेले. त्या बापाला तिनं कधी दोष दिला नाही. घर मागावर चालत होतं, हे तिला दिसत होतं. पण तिला एक कळलं. ती म्हणायची, "पोरगं एका दिवशी शाळा सोडत नाही माय. तेही पाव पाव करून जाते."

तेव्हापासून हजेरीपटाशिवाय तिची एक वेगळी वही असायची. गैरहजर मुलापुढे नुसती फुली नाही, कारण. कांड्या. धाकटी बहीण. खरूज. आई बाळंतीण. मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत एका मुलीपुढे सलग चार दिवस लिहिलंय, "वहाण नाही." पाचव्या दिवशी काही लिहिलेलं नाही, ती मुलगी हजर आहे. मधे काय झालं ते आजीनं वहीत लिहिलं नाही. आमच्या आजोबांनी मात्र सांगितलं होतं, त्या महिन्यात घरात दूध अर्धंच यायचं.

जनगणनेची ड्यूटी शिक्षकांना नवी नाही. १९८१मध्ये, ज्यांना घर नाही त्यांना मोजायच्या रात्री, ती आणि टॉर्च धरलेले आजोबा फिरत होते. मोजणी झाल्यावर ती घराकडे वळली आणि पुन्हा मागे गेली. हातगाडीखाली एक म्हातारी निजलेली राहून गेली होती. आजोबांना थंडी वाजत होती. पण तिच्याबरोबर फिरताना घाई करायची नाही, हे तेही शिकले होते.

तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आमच्या दारात यायची. आजी बैलाला ओवाळायची आणि बोजारा, म्हणजे पोरांची ओवाळणी, द्यायच्या आधी विचारायची, "तीन अडीच?" साडेसात म्हणणाऱ्याला बोजारा. न येणाऱ्यालाही बोजारा, पण त्याला पायरीवर बसवून, अडीचकी म्हणून घेऊन मग.

२०११च्या जूनमध्ये चार आणे आणि त्याखालची नाणी बंद होणार होती. आजीकडे एक डबा होता, वर्षानुवर्षांच्या चिल्लरचा. मी तिला बँकेत घेऊन गेले. आदल्या रात्री तिनं सगळं मोजून चिठ्ठी करून ठेवली होती. खिडकीतल्या मुलानं मोजलं आणि म्हणाला, "आजी, चिठ्ठीपेक्षा एक पैसा कमी भरतोय, चालेल ना?"

मला वाटलं, वयानं तिची चूक झाली. ती म्हणाली, "कमी नाही बाबा, तो माझ्यापाशी आहे." पदराची गाठ सोडून तिनं दाखवला. १९५७चा, तांबूस, नखाएवढा नवा पैसा. "हा माझा नाही. एका पोराचं देणं आहे."

तो मुलगा पुढे कुठे गेला, ते तिला कधीच कळलं नाही. तो पैसा आता आमच्या देवघरात आहे, तिच्या वहीवर ठेवलेला.

नमस्कार.