लक्षणांच्या आधीचे दिवस

मंडळी, साथीच्या काळात दिल्या जाणाऱ्या सूचना तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. हात धुवा, मास्क लावा, गर्दी टाळा, आजारी असाल तर घरी राहा, लस घ्या. आज बोलायचं आहे ते या सूचना कोणासाठी असतात यावर. त्या आजारी माणसासाठी असतात, असा सर्वसाधारण समज आहे. माझं म्हणणं असं, की त्यातल्या कळीच्या सूचना ज्याला आज काहीच होत नाहीये, जो ठणठणीत आहे, त्याच्यासाठी असतात.

2003 सालची सार्स या विषाणूजन्य श्वसनरोगाची साथ आठवा. 8,000हून अधिक लोकांना लागण झाली, 774 माणसं गेली. लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं. तरी त्या वर्षीच्या जुलैपर्यंत साथ आटोक्यात आली. रुग्ण शोधायचे, त्यांना वेगळं ठेवायचं, त्यांच्या संपर्कात आलेल्यांवर लक्ष ठेवायचं, या जुन्याच उपायांनी हे साधलं. कारण सार्सचा रुग्ण सर्वाधिक संसर्ग पसरवायचा तो आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. तोवर त्याला ताप आलेला असायचा, बरेचदा तो रुग्णालयात पोहोचलेला असायचा. म्हणूनच डॉक्टर आणि परिचारिकांना त्या साथीची फार मोठी झळ बसली. पण रुग्ण कुठे आहे, हे तरी कळत होतं.

कोविडच्या विषाणूने ही सोय ठेवली नाही. त्याची लागण झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो, आणि काहींना तर लक्षणं कधीच दिसत नाहीत. फ्लूमध्ये हा काळ साधारण एक दिवसाचा. गोवरात अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना गोवर देऊ लागतं. ‘मला बरं वाटत नाही’ असं माणूस म्हणेपर्यंत विषाणू पुढच्या घरी गेलेला असतो. मग नुसत्या आजाऱ्याला कोंडून काय साधणार?

आता थोडं गणित, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ‘मास्कने शंभर टक्के संरक्षण मिळतं का? नाही ना? मग कशाला लावायचा?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. समजा, एक रुग्ण सरासरी दोघांना लागण देतो. अशा दहा पायऱ्या झाल्या की दहाव्या पायरीवर 1,024 नवे रुग्ण असतात. आता मास्क, मोकळी हवा, थोडी कमी गर्दी अशा अर्ध्यामुर्ध्या उपायांनी ती सरासरी दोनवरून 1.3वर आली असं धरा. दहाव्या पायरीवर किती रुग्ण? जेमतेम 14. यातला एकही उपाय परिपूर्ण नव्हता, तरी एवढा फरक पडला. सरासरी एकच्या खाली गेली, तर साथ आपोआप विरत जाते. उपाय अपुरा आहे म्हणून निरुपयोगी ठरत नाही, हे मी शक्य तिथे सांगत आलो आहे आणि सांगत राहणार आहे.

हवेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तिच्याकडे आपण सर्वांत उशिरा वळलो. मार्च 2020मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट खोऱ्यातल्या एका गायनवृंदाची तालीम झाली. अडीच तासांची, बंद सभागृहात. 61 जण हजर होते. त्यातल्या एकाला बारीकसं सर्दीसारखं वाटत होतं. पुढच्या काही दिवसांत 32 जणांना कोविड झाल्याचं चाचणीतून सिद्ध झालं, आणखी 20 जणांना तो झाला असण्याची दाट शक्यता होती. दोघे दगावले. मोठ्याने गाताना तोंडातून जे सूक्ष्म तुषार उडतात, ते सगळे लगेच खाली पडत नाहीत. धूर जसा खोलीभर पसरून रेंगाळतो, तसे ते तरंगत राहतात. त्यामुळे दोन हातांचं अंतर ठेवलं तरी बंद खोलीत ते पुरत नाही. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीतल्या हवेत टिकतो.

खोलीतली हवा तासाला दोनदा बदलत असेल, तर हवेतले 99 टक्के कण जायला सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो. ती सहा वेळा बदलली, तर साधारण 46 मिनिटं पुरतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2023पासून तासाला किमान पाच वेळा हवा बदलण्याचं उद्दिष्ट सुचवलं आहे. खिडकी उघडायला कोणाचं मन वळवावं लागत नाही आणि कोणाच्या चेहऱ्यावर काही चढवावं लागत नाही. तरी शाळा, कार्यालयं, दवाखान्यांतले प्रतीक्षा कक्ष बांधताना हवेचा विचार शेवटी होतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

हात धुण्याचं थोडक्यात सांगतो. कोविड, फ्लू यांच्या विषाणूंभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं आणि सॅनिटायझरनेही. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरण नसतं. त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. आणि उलट्या-जुलाब थांबल्यावरही किमान दोन दिवस त्या माणसाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

वेळेचं महत्त्व 1918च्या फ्लूने दाखवून दिलं. अमेरिकेतली दोन शहरं घ्या, फिलाडेल्फिया आणि सेंट लुईस. फिलाडेल्फियात सप्टेंबरच्या मध्यात नागरिकांमध्ये रुग्ण दिसले होते. तरी 28 सप्टेंबरला प्रचंड मिरवणूक निघाली, सुमारे दोन लाख लोक जमले. शाळा, नाट्यगृहं बंद झाली ती 3 ऑक्टोबरला. सेंट लुईसमध्ये पहिले रुग्ण 5 ऑक्टोबरला आढळले आणि 7 तारखेला निर्बंध लागू झाले. साथ ऐन भरात असताना आठवड्याला नेहमीपेक्षा किती जास्त मृत्यू झाले, ते पाहा : फिलाडेल्फियात दर लाखामागे 257, सेंट लुईसमध्ये 31. पुढे सेंट लुईसने निर्बंध सैल केले, तेव्हा तिथेही रुग्ण वाढले. म्हणजे लवकर सुरू करणं जितकं मोलाचं, तितकंच घाईने न थांबवणंही.

लसीबद्दल इथे एवढंच, की गोवरासारखा झपाट्याने पसरणारा आजार थोपवायला सुमारे 95 टक्के लोकांना प्रतिकारशक्ती असावी लागते. उरलेल्या पाच टक्क्यांत तान्ही बाळं असतात, काही कर्करुग्ण असतात. त्यांना ती लस घेता येत नाही.

शेवटी ‘घरी राहा’ या सूचनेकडे येतो. ती ज्याला रोजच्या मजुरीवर जगायचं आहे, त्याला आपण कोणत्या तोंडाने सांगतो? एक दिवस घरी बसला की त्या दिवसाची कमाई गेली. भरपगारी आजारपणाची रजा मी सवलत मानत नाही, ती मास्कइतकीच साथनियंत्रणाची साधनसामग्री आहे. इथे ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात, त्यांना माझी विनंती आहे. साध्या तापखोकल्याच्या दोन दिवसांच्या रजेसाठी डॉक्टरांचा दाखला मागू नका. त्या कागदासाठी तापलेला माणूस दवाखान्याच्या बंद खोलीत, वृद्ध आणि गरोदर बायकांच्या शेजारी तासभर बसतो. त्याचा शब्द पुरेसा माना, आणि औषध न घेता ताप उतरून 24 तास झाल्यावरच त्याला कामावर बोलवा.