थोडं पुढे जायचं ना!

(वडोदऱ्यात दांडिया बाजारात फोटो काढणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसमोर बोललो होतो, तेच थोडं नीट करून उतरवलंय.)

नमस्कार मंडळी. मला बोलावलं तेव्हा विषय सांगितला होता, कॅमेरा मोठा की हात? खरं सांगू का, याचं उत्तर इथे बसलेल्या प्रत्येकाला येतं, आणि तरी फोटो दिसला की आपण पहिलं विचारतो ते लेन्स कुठली. म्हणून मला बोलायचंय ते या विचारण्यामुळे पक्ष्यांचं काय होतं त्यावर.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी वढवाण्याला गेलो होतो. आपल्या डभोईजवळचा तलाव, सयाजीरावांच्या काळात १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, २०२१ मध्ये रामसार यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेला. तिथे हिवाळ्यात राजहंस येतात, पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. तिबेट, मंगोलिया तिकडून हिमालय ओलांडून येतात, ७००० मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे. रात्री शेतात चरतात आणि दिवसा काठावर आराम करतात. त्या सकाळी धुकं होतं, सगळा थवा माना पाठीत खुपसून झोपलेला आणि एकच हंस मान ताठ करून उभा, पहाऱ्यावर. माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि ३०० मिलिमीटरची लेन्स (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). फ्रेममध्ये पक्षी छोटे आले, पण मला तो फोटो फार आवडला आणि मी टाकला ऑनलाइन.

खाली आलं काय? बर्ड फार छोटा आहे. सॉफ्ट, म्हणजे धूसर वाटतोय. ६०० घ्या आता. आणि एकाने लिहिलं, थोडं पुढे जायचं ना!

पुढच्या रविवारी मी पुढे गेलो. गवतातून वाकून, हळूहळू, मनात ती कॉमेंट घेऊन. त्या पहारेकऱ्याने आवाज दिला आणि अख्खा थवा उठला. दुपारपर्यंत त्या काठावर एकही हंस परत बसला नाही, आणि काठावर दुर्बिणी घेऊन आलेली शाळेची पोरं रिकाम्या पाण्याकडे बघत बसली. मला मात्र उडत्या हंसांचा चांगला शार्प फोटो मिळाला, लाइक्सही भरपूर आले. पण त्यात दिसतं ते एवढंच की हे पक्षी माझ्यापासून लांब पळतायत. तो मी नंतर काढून टाकला. ज्याने कॉमेंट लिहिली त्याला मी दोष देत नाही, पाय माझे होते. पण ज्याच्याकडे लांब लेन्स नाही त्याला तुम्ही "पक्षी छोटा आलाय" एवढंच सांगितलंत तर त्याच्याकडे उरतं काय, तर चालत जाणं.

आता कोणी म्हणेल की म्हणजे गिअर काही कामाचं नाही. असं नाहीये हो. मोठ्या लेन्सचा खरा फायदा हाच की तुम्ही लांब राहू शकता. नवीन मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः पकडतात, अंधुक उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता वाढवली तरी फोटो टिकतो, हे सगळं खरंय. पण ६००ची लेन्स एफ ४ ला, म्हणजे तिचं भोक मोठं उघडून, १० मीटरवरचा पक्षी घेतलात तर फोकसमध्ये राहतात जेमतेम सहा-सात सेंटीमीटर, म्हणजे चोच फोकसमध्ये आणि डोळा बाहेर असंही होऊ शकतं. लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारा, चित्र मोठं करणारा कन्व्हर्टर लावला तर १.४ पटीचा एक स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), २ पटीचा दोन स्टॉप, एफ ५.६ची लेन्स एफ ११ होते आणि जुन्या बॉडीचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो. आणि ऊन वर आलं, जमीन तापली की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग दीडशे मीटरवरचा पक्षी कुठल्याही किमतीच्या लेन्सने धुवट येणार, त्याला उपाय एकच, पहाटे उठून सूर्य उगवायच्या आधी तिथे जाऊन बसणं.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचंही तसंच. तो समोर दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं धरून चालतो, त्यामुळे बगळ्याने फ्रेम भरली तर बगळा मळकट येतो, एक्स्पोजर वाढवावं लागतं, आणि तोच बगळा काळ्या पाण्यावर छोटा असेल तर पिसं जळून पांढरा ठिपका होतो, तिथे कमी करावं लागतं. हे बगळे बघून बघूनच कळतं.

जवळ न जाताही फोटो कसा मिळतो बघा. १९२०च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या जंगल अधिकाऱ्याने उत्तर भारतात वाघाच्या वाटेवर तार लावून काचेच्या प्लेटांवर वाघांचे फोटो घेतले, वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा, माणूस तिथे नसायचाच. पण वाघ त्याच वाटेने येणार हे पावलांवरून वाचता यायला हवं ना, सगळं कसब त्यात आहे. आणि इंग्लंडच्या पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंगने १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळच्या हाइडपाशी (लपून बसायच्या आडोशापाशी) डावा डोळा गमावला, घुबडाने नखं मारली. तरी पुढे कित्येक दशकं एका डोळ्याने काम केलं. घरट्याजवळ गेलं की काय होतं याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा किंमत पक्षीच मोजतो, घाबरून अंडी सोडून जातो.

आपल्याच गावातल्या एक काकू आहेत, नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांच्याकडे निकॉनचा पी ९०० आहे, ८३ पट झूमचा, सेन्सर नखाएवढा. त्या काळा घोड्याच्या पुलावर उभ्या राहून गावातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या मगरी बघतात, थंडीत कुठली कुठल्या काठावर उन्हाला येते, किती वाजता जबडा उघडून पडते, सगळं वहीत लिहिलेलं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी त्यांना मगरीण पिल्लू तोंडात धरून पाण्याकडे नेताना मिळाली. फोटोत नॉईज, म्हणजे दाणेदारपणा आहे, आहेच, उजेड संपला होता. कॉमेंट आल्या त्या नॉईजवरच. एकानेही विचारलं नाही की पिल्लं किती होती, तुम्ही किती दिवस वाट पाहिलीत. काकूंनी त्यानंतर फोटो टाकणं बंद केलं आणि आपण सगळे एवढ्या माहितीला मुकलो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टीका करू नका असं मी म्हणत नाहीये, करा, जरूर करा. पण आधी नजर कुठे गेली ते सांगा. पक्षी काय करतोय ते तुम्हाला कळलं का, उजेड कुठून येतोय, कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणला असता तर मागचं गवत विरघळलं असतं का, हे सांगा, झोपून फोटो काढायला पैसे पडत नाहीत. आणि अंतर विचारा, किती लांबून घेतला, पक्षी नंतर तिथेच होता का. नवीन मुलगा हे प्रश्न चार वेळा वाचेल तर पाचव्या वेळी तलावावर गेल्यावर स्वतःच थांबेल.

आता लाइट बंद करायला सांगतो. पडद्यावर तो पहिला फोटो येईल, धुक्यातला, ३००ने घेतलेला. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मग मागच्या रांगेतल्या ताईंपासून सुरू करू, तो पहारेकरी कुठे बघतोय ते सांगा.