गाळावर उतरलेले पाहुणे

(दृश्य: पहाटेचं धुकं, चापडगावचा निरीक्षण मनोरा)

निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा फारच घसरला की इथले शेतकरी द्राक्षबागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात. त्याच थंडीत, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर हजारो पाहुणे येऊन उतरलेले असतात. हे नांदूरमध्यमेश्वर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी इथे बंधारा बांधला, तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. पण दर पावसाळ्यात नद्यांनी गाळ आणला आणि तो बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, काठाला पाणकणीस माजलं. पाणी साठवणाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पक्ष्यांचं मात्र सगळं याच गाळात आहे: किडे, गोगलगायी, बिया, पाणवनस्पतींचे कोवळे कोंब. १९८६ मध्ये हे अभयारण्य झालं. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच.

(दृश्य: उथळ पाणी, अगदी जवळून)

आता जरा पाण्याकडे बघा. काठालगत शेकाट्या चालतोय. गुलाबी, काटकुळे पाय, एकेक पाऊल जपून. थोडं पुढे चमचे पक्ष्यांची रांग. चपटी चोच किंचित उघडी ठेवून ते डोकं डावी-उजवीकडे झुलवत राहतात. काही वळवळलं की चोच मिटलीच. त्याहून आत थापट्या बदकं. फावड्यासारखी रुंद चोच पाण्यावर टेकवून गोल गोल फिरतात, चोचीच्या कडेतून पाणी गळून जातं आणि बारीक जीव आत अडकतात. आणि तलवार बदक? शेपटी आभाळाकडे, डोकं पाण्याखाली. लांब मानेमुळे त्याला तळापर्यंत पोचता येतं.

एकाच तळ्यावर इतके जण नांदतात ते यामुळे. कोणी कुठे जेवायचं, हे पाण्याची खोली ठरवते.

(दृश्य: हरभऱ्याचं शेत, पट्टकदंबांचा थवा)

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पट्टकदंब. मंगोलिया, तिबेट, लडाख ही त्यांची विणीची ठिकाणं. हिमालय ओलांडताना सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर त्यांची नोंद झाली आहे. विरळ हवेतलाही प्राणवायू त्यांचं रक्त घट्ट पकडून ठेवतं. एवढा प्रवास करून आलेला पक्षी इथे शेतात उतरून कोवळा पाला खातो. शेतकऱ्याचं थोडं नुकसान होतंच, तेही मोजायला हवं.

(दृश्य: एकाएकी थवे उठतात)

दलदल ससाणा आला! वारकरी नावाचे काळे पाणपक्षी पाण्यावरून फडफडत पाणकणसाकडे पळतायत. नशीब असेल तर याच गडबडीत एखादं पाणमांजर डोकं वर काढून जातं.

पण ससाण्यापेक्षा मोठी उलथापालथ पाण्यामुळे होते. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक पाळीनं सोडायचं पाणी, सुटलं, पातळी चढली, की शेकाट्याची उथळ जागा बुडते आणि त्याला दुसरीकडे जावं लागतं. शिवाय जलपर्णी आहेच. शहरांचं सांडपाणी तिला खत पुरवतं आणि मोकळं पाणी ती झाकून टाकते. शेतीला पाणी मिळायलाच हवं. पण आवर्तनाचं वेळापत्रक आखताना या पाहुण्यांचाही विचार व्हावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत उथळ जागा टिकल्या, तर परतीच्या उड्डाणासाठी लागणारी चरबी त्यांना इथेच साठवता येईल.